जुन्या तंबोऱ्याची जवारी

सुरतेच्या गोडादऱ्यात खानदेशी वस्ती मोठी. तिथल्या एखाद्या भजनी घरातला जुना तंबोरा बद्द वाजू लागला, तर आधी तारा बदलू नका. दोष बहुधा तारा जिच्यावरून जातात त्या घोडीत असतो. घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी हलका उतार असतो. कंप पावणारी तार या उतारावर सतत टेकते, सुटते. त्यातून वरचे स्वरांश जागे होतात आणि नाद भरून येतो; हीच जवारी. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली दाखवलं, की छेडण्याच्या जागेमुळे जे स्वरांश उमटायलाच नकोत, तेही तंबोऱ्यात स्पष्ट ऐकू येतात!

वर्षानुवर्षांच्या घर्षणाने तार घोडीत चर पाडते आणि उतार बिघडतो. मिरजेचे कारागीर (तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं) तारा सैल करून बाजूला सारतात, कानशीने माथा किंचित घासतात, तार चढवून ऐकतात, पुन्हा घासतात. शेवटी तारेखालचा सुती दोरा सरकवत नेमकी जागा शोधायची. तो केसभर हलला तरी आवाज मिटतो. माथा जास्त घासला गेला, तर मात्र घोडीच नवी बसवावी लागते.