कार्बनचा मोकळा हात

कार्बनची संयुजा चार, हे तुम्हांला माहीत आहेच. मिथेनमध्ये कार्बन आपल्या चार हातांनी चार हायड्रोजन अणू धरून ठेवतो. त्यांपैकी एक अणू आपला इलेक्ट्रॉन घेऊन निघून गेला, तर? कार्बनवर जोडीदार नसलेला एक इलेक्ट्रॉन उरतो. अशा तुकड्याला 'मुक्त मूलक' म्हणतात. तो जो भेटेल त्याच्याशी तत्काळ संयोग पावतो. म्हणूनच तीन संयुजांचा कार्बन मिळणे शक्य नाही, असे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक रसायनशास्त्रज्ञ मानीत.

1900 साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात मोझेस गोम्बर्ग वेगळ्याच कामात गुंतले होते. इथेनमधील सहाही हायड्रोजन अणूंच्या जागी बेन्झीनची वलये बसवून त्यांना हेक्झाफेनिलइथेन बनवायचे होते. ट्रायफेनिलमिथिल क्लोराइडमधील क्लोरीन त्यांनी चांदीच्या साहाय्याने काढून घेतला. पांढरे स्फटिकही मिळाले. पण पृथक्करणात कार्बन सुमारे 94 टक्के भरायला हवा होता, तो 88 च भरला! हायड्रोजन सुमारे 6 टक्के. मग उरलेले 6 टक्के कशाचे? ते होते ऑक्सिजनचे, आणि ऑक्सिजन आला होता हवेतून.

गोम्बर्ग यांनी हवा पूर्ण वगळून, कार्बन डायऑक्साइड वायूत तोच प्रयोग पुन्हा केला. आता बेन्झीनमध्ये पिवळे द्रावण मिळाले. ते हवेबरोबर हलवताच रंग नाहीसा होई आणि थोडा वेळ ठेवले, की परत येई. हा पिवळा रंग होता ट्रायफेनिलमिथिल या मुक्त मूलकाचा.

हा मूलक टिकला कसा? कारणे दोन. एक, त्याचा एकटा इलेक्ट्रॉन मधल्या कार्बनवरच न राहता तिन्ही वलयांवर पसरतो. दुसरे, ही वलये पंख्याच्या पात्यांसारखी तिरपी बसून मधल्या कार्बनभोवती कुंपण घालतात. त्यामुळे दोन मूलकांचे मधले कार्बन एकमेकांपर्यंत पोचूच शकत नाहीत. एकाचा मधला कार्बन दुसऱ्याच्या वलयाच्या टोकाला जेमतेम जोडला जातो आणि सुटतोही. हवेने मूलक संपले, की हे जोडरेणू फुटून नवे मूलक देतात. म्हणून रंग परततो. हा जोडरेणू हेक्झाफेनिलइथेन नव्हेच, हे नेदरलँड्समधील संशोधकांनी 1968 साली दाखवून दिले.

ऑक्सिजनचा रेणू मात्र लहान. तो कुंपणातून शिरतो. त्यावरही उपाय निघाला. 1971 साली स्पेनमधील बायेस्तेर यांनी वलयांवरील पंधराही हायड्रोजन अणूंच्या जागी आकाराने मोठे क्लोरीन अणू बसवलेला मूलक प्रसिद्ध केला. तो हवेतही टिकतो, बाटलीत ठेवता येतो!

तुमच्या प्रयोगवहीत कधी बेरीज शंभर भरली नाही, तर आकडा खोडण्यापूर्वी विचारा: उरलेले काय असेल?