विश्लेषण : कथा तीच, नायकही तेच, मग ‘जस्टिस लीग’ दोन कसे?

‘सुपरहिरोंचे सगळे चित्रपट सारखेच’ ही तक्रार आता जुनी झाली. आकाशातून काहीतरी भयंकर उतरते, अर्धे शहर कोसळते, नायक एकत्र येतात आणि श्रेयनामावलीनंतर पुढच्या भागाची झलक दिसते. मग या साऱ्यात दिग्दर्शक करतो तरी काय? या प्रश्नाचे उत्तर देणारे उदाहरण हॉलीवूडने स्वतःच, काहीसे नाइलाजाने, तयार करून ठेवले आहे.

एकाच चित्रपटाला दोन दिग्दर्शक कसे लाभले?

‘मॅन ऑफ स्टील’ (२०१३) आणि ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ (२०१६) हे दोन चित्रपट केल्यानंतर झॅक स्नायडरने ‘जस्टिस लीग’चे चित्रीकरण केले. आधीच्या चित्रपटाला बसलेल्या टीकेमुळे वॉर्नर ब्रदर्स अस्वस्थ होती आणि नवा चित्रपट हलकाफुलका, आटोपशीर असावा असा तिचा आग्रह होता. २०१७ मध्ये मुलीच्या मृत्यूनंतर स्नायडर या कामातून बाजूला झाला. त्याच्या जागी ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ (२०१२) करणाऱ्या जॉस व्हीडनला आणले गेले. त्याने बरेच प्रसंग नव्याने लिहिले, पुन्हा चित्रित केले. सुपरमॅन साकारणारा हेन्री कॅव्हिल तेव्हा ‘मिशन इम्पॉसिबल’साठी मिशी राखून होता आणि ती काढायची परवानगी नव्हती. म्हणून संगणकाने मिशी पुसली गेली आणि सुपरमॅनचा वरचा ओठ हा समाजमाध्यमांवरचा विनोद झाला.

दोन तासांचा हा चित्रपट नोव्हेंबर २०१७ मध्ये आला. दिग्दर्शक म्हणून नाव मात्र एकट्या स्नायडरचे. पत्नी डेबोरा आणि ख्रिस्तोफर नोलान यांनी ‘तू हा पाहूच नकोस’ असा सल्ला दिल्याने त्याने तो पाहिलाही नाही. पुढे चाहत्यांनी मूळ आवृत्तीसाठी मोहीम चालवली आणि मार्च २०२१ मध्ये स्नायडरचा चार तासांचा ‘जस्टिस लीग’ एचबीओ मॅक्सवर आला.

फरक फक्त लांबीचा आहे का?

नाही. शेवटची लढाई पाहिली तरी ते कळते. दोन्हीकडे तोच खलनायक, रशियातली तीच उजाड जागा. व्हीडनने तिथे एक साधे कुटुंब आणून ठेवले आहे. घरात अडकलेली, घाबरलेली माणसे. फ्लॅश त्यांची गाडी ढकलत सुरक्षित जागी नेतो, सुपरमॅन तर माणसांसकट अख्खी इमारत उचलून आणतो. त्याआधी पहिल्याच लढाईत गांगरलेल्या फ्लॅशला बॅटमॅन सांगतो, की फार विचार करू नकोस, एकाला वाचव. व्हीडनच्या लेखी सुपरहिरो म्हणजे अग्निशमन दलाचा जवान. सोबत थट्टामस्करी हवीच.

स्नायडरच्या चित्रपटात हे कुटुंबच नाही. तिथे नायक हरतात. पृथ्वी खरोखर नष्ट होऊ लागते आणि फ्लॅश प्रकाशापेक्षा वेगाने धावून काळ उलटा फिरवतो. पायाखालची फुटलेली जमीन पुन्हा जुळत जाते. हा प्रसंग जवळपास निःशब्द आणि संथ आहे. एरवी स्नायडरचा स्लो मोशनचा सोस अंगावर येतो, पण इथे तो शोभतो. त्याच्यासाठी हे नायक म्हणजे पुराणातले देव. त्यांच्या लढाईत सामान्य माणसाला फारशी जागा नसते आणि त्याच्यावरचा जुना आक्षेपही नेमका हाच आहे.

सायबॉर्ग या पात्राचे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. अपघातानंतर वडिलांनी यंत्राच्या साह्याने जगवलेला हा तरुण स्नायडरच्या चित्रपटाचा गाभा आहे. २०१७ च्या आवृत्तीत त्याची बहुतेक कथा कापली गेली आणि उरला तो संगणक हाताळणारा एक सहकारी. संगीतही बदलले होते. जंकी एक्सएलला बाजूला सारून डॅनी एल्फमनला घेतले गेले आणि त्याने १९८९ च्या ‘बॅटमॅन’मधली आपलीच जुनी धून पुन्हा वाजवली.

स्नायडरने आपली आवृत्ती जवळपास चौकोनी चौकटीत ठेवली, कारण उभे, उंच देह त्याला पूर्ण दाखवायचे होते. आयमॅक्सच्या पडद्यासाठी ते ठीक. मोबाइल आडवा धरून पाहणाऱ्याला मात्र दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या मिळतात!

बॅटमॅन प्रत्येक वेळी वेगळा का दिसतो?

टिम बर्टनचे गॉथम (१९८९) हे दुःस्वप्नातले शहर होते. १९९२ चा दुसरा भाग इतका काळोखा निघाला की मुलांच्या पालकांनी तक्रारी केल्या, बर्टन मागे सरला आणि जोएल शुमाकरकडे सूत्रे आली. त्याने निऑन दिवे, भडक रंग आणले. ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ (१९९७) इतका आपटला की पुढचा बॅटमॅन थेट २००५ मध्ये दिसला.

तो आणणाऱ्या नोलानने प्रश्नच बदलला : हा माणूस खऱ्या शहरात असता तर? ‘द डार्क नाइट’मध्ये (२००८) भलामोठा ट्रक उलटतो, तो शिकागोच्या रस्त्यावर खराखुरा उलटवलेला आहे. ‘द डार्क नाइट राइजेस’मध्ये विहिरीसारख्या तुरुंगातून ब्रूस वेन बाहेर पडतो तेव्हा मागे दिसतो तो जोधपूरचा मेहरानगड. सॅम रायमी भयपटांतून आलेला, म्हणून त्याच्या ‘स्पायडर-मॅन २’मधला (२००४) शस्त्रक्रियेचा प्रसंग, जिथे यांत्रिक हात डॉक्टरांवरच तुटून पडतात, भयपटासारखाच अंगावर काटा आणतो. त्याच चित्रपटात नायकाला घरभाडे भरता येत नाही.

मग सगळे सारखेच का वाटते?

कारण दिग्दर्शकाच्या हाती किती सोपवायचे, हे स्टुडिओ ठरवतो. मोठ्या हाणामाऱ्यांचे आराखडे संगणकावर आधीच तयार होतात. याला प्रीव्हिज म्हणतात. हे काम करणारे वेगळे चमू असतात. अर्जेंटिनाच्या लुक्रेसिया मार्तेलशी मार्व्हलने ‘ब्लॅक विडो’साठी बोलणी केली, तेव्हा ‘अ‍ॅक्शनची काळजी करू नका, ते आम्ही पाहू’ असे आपल्याला सांगितले गेल्याचे तिने २०१८ मध्ये जाहीर केले. मार्तेलला अर्थातच ते रुचले नाही. तो चित्रपट पुढे केट शॉर्टलंडने केला. एडगर राइट तर अनेक वर्षे खपून २०१४ मध्ये ‘अँट-मॅन’मधून बाहेर पडला. सुपरहिरोपटात हाणामारी हीच नायकाची भाषा. तीच दुसऱ्याने लिहिली, तर दिग्दर्शकाकडे उरते ते दोन हाणामाऱ्यांमधले संभाषण.

आपल्याकडे काय?

पैसा कमी, त्यामुळे कल्पना लढवावी लागते. विक्रमादित्य मोटवानेच्या ‘भावेश जोशी सुपरहिरो’मध्ये (२०१८) डोक्यावर कागदी पिशव्या चढवणारी मुंबईतली पोरे आहेत आणि लढाई आहे पाणीचोरांशी. टँकरची वाट पाहणाऱ्याला हा खलनायक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तरीही चित्रपट चालला नाही. बेसिल जोसेफच्या मल्याळम ‘मिन्नल मुरली’त (२०२१) एकाच रात्री दोघांवर वीज पडते. त्यातला शिंपी नायक होतो, चहाच्या दुकानात राबणारा, गावाने हिणवलेला शिबू खलनायक. शिबूवर त्या चित्रपटाने जितकी माया केली, तितकी हॉलीवूडचे खलनायक क्वचितच मिळवतात.

आता सूत्रे कोणाकडे?

२०२२ च्या अखेरीस जेम्स गन, पीटर सॅफ्रनसह, डीसी स्टुडिओचा प्रमुख झाला आणि २०२५ चा ‘सुपरमॅन’ त्यानेच लिहिला, दिग्दर्शित केला. म्हणजे स्टुडिओ आणि दिग्दर्शक एकाच खुर्चीत. स्नायडरच्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये अख्खे महानगर जमीनदोस्त होते आणि अखेर सुपरमॅन शत्रूची मान मोडतो. गनचा सुपरमॅन महाकाय राक्षसाशी झुंजताना मध्येच थांबून एका खारीला उचलून बाजूला ठेवतो. चाचणी खेळांत काहींना ते पटले नव्हते. खार चित्रपटात राहिली.