निद्राश्वासरोध (स्लीप ॲप्निया)

निद्राश्वासरोध हा झोपेत श्वास वारंवार थांबण्याचा किंवा अतिशय उथळ होण्याचा विकार आहे. प्रत्येक खंड किमान १० सेकंदांचा असतो. तासाला असे ५ ते १५ खंड पडल्यास विकार सौम्य, १५ ते ३० पडल्यास मध्यम आणि त्याहून अधिक पडल्यास तीव्र मानला जातो. बहुसंख्य रुग्णांत झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वसनमार्ग मिटतो. यास अवरोधक प्रकार म्हणतात. मेंदूकडून श्वासाचा आदेशच न मिळणे हा केंद्रीय प्रकार तुलनेने विरळ आहे. मोठ्याने घोरणे, मध्येच शांतता आणि मग गुदमरल्यासारखा हुंदका हा क्रम बहुधा रुग्णाला नव्हे, घरच्यांना ठाऊक असतो. घोरणे म्हणजे गाढ झोप, हा सर्वत्र रूढ असलेला समज निदान लांबवण्यास मोठा हातभार लावतो.

उपचाराअभावी होणारे परिणाम

श्वास थांबला की रक्तातील प्राणवायू घटतो व मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास पुन्हा सुरू करतो. या प्रत्येक धडपडीत ॲड्रेनॅलिनसारखी संप्रेरके स्रवतात, नाडी वाढते आणि रक्तदाब उसळतो. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री उतरतो. या रुग्णांत तो पुष्कळदा उतरत नाही आणि पुढे दिवसाही चढा राहू लागतो. तीन-तीन औषधे घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल, तर हा विकार तपासून पाहण्याचा सल्ला दिला जातो. मिटलेल्या श्वसनमार्गातून हवा ओढताना छातीतील दाब बदलून हृदयाच्या कर्णिका ताणल्या जातात. त्यामुळे हृदयाची अनियमित धडधड उद्भवते. पक्षाघात, हृदयविकार व मधुमेह यांच्याशीही त्याचा संबंध आढळला आहे. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हृदय अचानक बंद पडून मरण पावलेल्या निद्राश्वासरोधाच्या रुग्णांचे मृत्यू मुख्यतः मध्यरात्र ते पहाटे सहा या वेळेत झाल्याचे दिसले. इतर लोकांत हीच वेळ सर्वांत कमी मृत्यूंची असते.

दिवसा अनावर झोप येणे हा परिणाम रुग्णापुरता मर्यादित राहत नाही. तुळजापूरहून लातूर, नांदेड, हदगावमार्गे यवतमाळकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गासारख्या लांब रस्त्यांवर रात्री ट्रक किंवा ट्रॅव्हल्स चालवणाऱ्याला सुकाणूवर आलेली क्षणभराची डुलकी इतरांच्याही जिवावर बेतू शकते. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाला हा विकार सांगणे आवश्यक असते, कारण गुंगीच्या औषधांनी घसा आणखी सैल पडतो. मद्य व झोपेच्या काही गोळ्यांचाही परिणाम तसाच होतो.

महाराष्ट्रातील आढळ

मुंबईतील हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी नियमित आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वर्षे वयाच्या पुरुषांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात झोपेतील श्वसनदोषाचे प्रमाण १९.५ टक्के, तर त्याबरोबर दिवसाची झोपही असलेल्यांचे प्रमाण ७.५ टक्के आढळले. हे सर्व स्वतःला निरोगी समजणारे पुरुष होते. स्त्रियांतही, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर, विकार वाढतो. मात्र त्यांची लक्षणे थकवा, डोकेदुखी, निद्रानाश अशी असल्याने ती सहज दुर्लक्षिली जातात.

संगीतकार बप्पी लाहिरी यांचे १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत वयाच्या ६९ व्या वर्षी निधन झाले. अवरोधक निद्राश्वासरोध हे कारण त्यांच्या डॉक्टरांनी सांगितल्यावर या विकाराचे नाव वृत्तपत्रांतून घरोघरी पोहोचले. त्यांना छातीचा संसर्गही वारंवार होत असे.

उपचार

निदान रात्रभराच्या निद्राचाचणीने होते. काही रुग्णांत लहान यंत्राने ती घरीही करता येते. मुखवट्यातून सतत दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये सिडनीत मांडले. ते घोरणे व दिवसाची झोप निश्चितपणे कमी करते आणि रक्तदाब थोडा उतरवते. हृदयविकार टाळण्याबाबत मात्र पुरावा तितका ठाम नाही: आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्या २,७१७ रुग्णांच्या २०१६ च्या चाचणीत नवे झटके घटले नाहीत. अर्थात त्या रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच वापरले होते. वजन घटवणे, कुशीवर झोपणे, मद्य टाळणे व खालचा जबडा पुढे धरणारे दंतोपकरण हे अन्य उपाय होत. लहान मुलांत वाढलेले टॉन्सिल व ॲडेनॉइड काढल्याने बहुधा आराम पडतो.