साथीचा खेळ

आमचे वडील दरबारी तबलिये. गवई रंगात आला की आपला हात ते आवरता घेत. म्हणूनच मोठमोठे गवई त्यांना साथीला मागत. मी गाणे शिकवितो. चेंडूशी माझा संबंध शाळेतच संपला. तरी सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाची १९५५-५६ ची हकीकत वाचताना वडीलच डोळ्यांपुढे आले.

बिल रसेल हा त्या संघाचा उंचापुरा गडी. प्रतिस्पर्ध्याने फेकलेला चेंडू तो वरच्यावर अडवी. पण प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या घेण्याऐवजी हलकेच सोबत्याच्या हाती देई. साथ म्हणतात ती हीच! २९ सामने, २९ विजय. अखेरच्या स्पर्धेत के. सी. जोन्सला नियमामुळे उतरता आले नाही. त्याच्या जागी जीन ब्राउन खेळला, आणि अंतिम सामन्यात आयोवाचा ८३-७१ असा पराभव झाला.

मला मात्र आदल्या हंगामातली एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. डिसेंबर १९५४ मध्ये ओक्लाहोमा सिटीत संघातल्या कृष्णवर्णी खेळाडूंना हॉटेलांनी जागा नाकारली. तेव्हा गोरे सोबतीही हॉटेलात गेले नाहीत. सारा संघ एका कॉलेजच्या वसतिगृहात उतरला, आणि तिथली स्पर्धा जिंकूनच परतला.