किनाऱ्यालगतचा डॉल्फिन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मावळातल्या शिरगावची ओळख प्रतिशिर्डीची; समुद्र इथून सह्याद्रीपल्याड. सुटी लागली की गाडी घाट उतरते आणि हर्णै किंवा तारकर्लीला पहाटेच्या बोटीत जागा धरली जाते. तिथे बहुधा दिसतो तो हम्पबॅक, म्हणजे पाठीवर कुबड असलेला डॉल्फिन. कोकणातले मच्छीमार त्याला गादा म्हणतात. बोटीत बसण्याआधी काही समज तपासून घेतलेले बरे.

गैरसमज : डॉल्फिन हा मासा.
वस्तुस्थिती : तो सस्तन प्राणी आहे. कल्ले नाहीत, फुप्फुसं आहेत. श्वासासाठी वर यावंच लागतं. मादीला साधारण वर्षभराच्या गर्भारपणानंतर एकच पिल्लू होतं आणि ते आईचं दूध पितं. दोन वेतांत बहुधा काही वर्षांचं अंतर असतं. म्हणून कमी झालेली संख्या लवकर भरून निघत नाही.

गैरसमज : डॉल्फिन म्हटला की उंच उडी मारणारच.
वस्तुस्थिती : गिरक्या घेत उसळतो तो स्पिनर डॉल्फिन, आणि तो खोल पाण्यातला. हम्पबॅकची आधी लांब चोच वर येते, मग फुस्स करून श्वास, मग कुबड आणि त्यावरचा छोटा पर. पाठीची कमान करून तो पुन्हा खाली. सगळा खेळ दोन-तीन सेकंदांचा.

गैरसमज : पाठीवर पर नसलेलं, छोटं दिसलं ते डॉल्फिनचं पिल्लू.
वस्तुस्थिती : तो बहुधा फिनलेस पॉरपॉइज. पूर्ण वाढ झाली तरी जेमतेम दीड-पावणेदोन मीटर. चोच नाही, डोकं गोल, पाठीवर पराऐवजी बारीक गाठींचा पट्टा. डॉल्फिनचे दात सुळ्यासारखे, याचे चपटे. याचं कुळही वेगळं.

गैरसमज : २०२०च्या लॉकडाऊनमध्ये पाणी स्वच्छ झालं, म्हणून मुंबईत डॉल्फिन परतले.
वस्तुस्थिती : ते गेलेच नव्हते. हम्पबॅकला उथळ, गढूळ पाणी आणि नद्यांची मुखं मानवतात, कारण त्याची मासळी तिथेच असते. गढुळात तो आवाजाच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य हेरतो. लॉकडाऊनमध्ये बघायला आपल्याला सवड मिळाली, इतकंच.

गैरसमज : सहज दिसतात, म्हणजे भरपूर आहेत.
वस्तुस्थिती : ते सहज दिसतात, कारण किनारा सोडत नाहीत, आणि मासेमारी, बंदरं, सांडपाणी, पर्यटकांच्या बोटी यांची गर्दीही त्याच पट्ट्यात. आययूसीएनच्या लाल यादीत हा डॉल्फिन ‘संकटग्रस्त’ आहे. जाळ्यात अडकला की श्वासाला वर येता येत नाही आणि तो गुदमरतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याला संरक्षण आहे. जाळं कापून असा प्राणी सोडणाऱ्या मच्छीमारासाठी राज्यात भरपाईची योजनाही आहे.

गैरसमज : तो हसतोय, म्हणजे बोट जवळ आलेली त्याला आवडते.
वस्तुस्थिती : ते हसू जबड्याच्या ठेवणीचं. पाठलाग झाला की तो दिशा बदलतो, बुडी लांबवतो. पिल्लू आईपासून तुटण्याचा धोका असतो. केंद्र सरकारने २०१३ मध्ये डॉल्फिनच्या खेळांसाठी मत्स्यालयं उभारायला मनाई केली. समुद्रातही तोच न्याय हवा. ‘अजून जवळ घ्या’ असा आग्रह नावाड्याला करू नका. वेग कमी करायला सांगा. किनाऱ्यावर जखमी किंवा मेलेला डॉल्फिन आढळला, तर हात न लावता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.