‘नर्फ’ झालं म्हणजे नेमकं काय झालं?

माझा धाकटा भाऊ बारावीत आहे. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी तो समोरच्या चहाला हात न लावता बसून राहिला. मम्मीला वाटलं, कुठल्या तरी परीक्षेचा निकाल लागला. तो एवढंच म्हणाला, “तिला नर्फ केलंय.” ती म्हणजे त्याच्या मोबाईल गेममधली नायिका. वाढदिवसाचे आणि नाताळचे पैसे साठवून त्याने ती घेतली होती. रात्रीतून अपडेट आलं आणि सोबत्यांच्या जखमा भरून काढायची तिची ताकद जवळजवळ निम्म्यावर आली. गेमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कुठल्याही गेममध्ये हे होतंच. मम्मीने मात्र एक प्रश्न विचारला, “दुकानदाराने रात्री घरात शिरून डब्यातले अर्धे तांदूळ परत नेले तर चालेल का?” तेव्हा मी हसले. नंतर तो प्रश्न डोक्यातून जाईना.

आधी शब्दाबद्दल, कारण आपलं साहित्य मंडळ आहे. नर्फ हा मुळात मऊ फोमची खेळणी विकणारा अमेरिकन ब्रँड. १९९७ साली ‘अल्टिमा ऑनलाईन’ नावाचा गेम आला. पुढे त्यातल्या तलवारींचा जोर कमी केला, तेव्हा खेळाडू कुरकुरले की आता नर्फच्या तलवारीने लढल्यासारखं वाटतंय. तिथून ‘नर्फ’ हे क्रियापद झालं. उलट, ताकद वाढवली की ‘बफ’. रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात पोरं मराठी, कोंकणी, कन्नड अशा तिन्ही भाषांत भांडतात. हे दोन शब्द तिन्हींत तसेच राहतात.

नियम बदलणं काही नवीन नाही. बुद्धिबळातला वजीर पूर्वी तिरकं एकच घर चालायचा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याला आजची ताकद मिळाली. इतिहासातला सगळ्यात मोठा बफ हाच असावा! आपल्याकडच्या देशी डावात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर पुढे जायचं. क्रिकेटमध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून बॅटची कड ४० मिलिमीटरपेक्षा आणि जाडी ६७ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, हा तर सरळ नर्फ. पण कपाटात ठेवलेली बॅट रात्रीतून आपोआप बारीक होत नाही. जुन्या नियमांनी खेळायचं तर गल्लीत कोण अडवणार? ऑनलाईन गेममध्ये मात्र सगळे आकडे कंपनीच्या सर्व्हरवर असतात. तिथे एक आकडा बदलला की धारवाडपासून ब्राझीलपर्यंत सगळ्यांचा खेळ एकदम बदलतो. जुना खेळ कुठेच उरत नाही.

मग बनवणारे हा आकडा बदलतात तरी कसा? मला वाटायचं, आरडाओरडा झाला की बदलतात. तसं नसतं. ‘लीग ऑफ लेजंड्स’ बनवणाऱ्या रायट कंपनीने २०१९ मध्ये आपली पद्धत जाहीर केली. त्यांनी खेळाडूंचे चार गट केले: सर्वसाधारण, कुशल, अगदी वरचे मूठभर आणि व्यावसायिक. यातल्या एका जरी गटात एखादं पात्र डोईजड झालं तर ते कमी करायचं. चारही गटांत दुबळं ठरलं तरच वाढवायचं. म्हणजे तुमच्या-माझ्या हातात जे पात्र रोज हरतंय, तेच व्यावसायिक स्पर्धेत सगळ्यांना लोळवत असेल तर त्याला कात्री लागणार, आणि आपण पॅच नोट्स वाचून कपाळाला हात लावणार. भावाच्या निम्म्या तक्रारींचं उत्तर मला इथे मिळालं. त्याला ते पटलं नाही.

आकडा बदलणं हा त्यातल्या त्यात सोपा उपाय. कौशल्याचा आकारच बदलणं अवघड. याचं मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण ‘व्हॅलोरंट’मधली जेट. तिला वाऱ्यासारखी झेप घेता येते. पूर्वी बटण दाबलं की झेप लगेच. त्यामुळे जेट खुशाल उघड्यावर उभी राहायची, गोळी झाडायची आणि उलट गोळी यायच्या आत गायब व्हायची. समोरच्याने अचूक डाव टाकला तरी उपयोग नाही. एप्रिल २०२२ मध्ये रायटने झेप काढून घेतली नाही, लहानही केली नाही. आधी बटण दाबून झेप तयार ठेवायची. पाऊण सेकंदाने ती लागू व्हायची, पुढच्या बारा सेकंदांत वापरली तर वापरली, नाहीतर गेली. २०२३ मध्ये बाराचे साडेसात सेकंद झाले. झेप तीच, पण आता संकट आल्यावर पळण्याऐवजी संकट येणार हे आधी ओळखावं लागतं.

कागदावर हा बदल मला सुंदर वाटतो. पण ज्याने दोन वर्षं ती झेप बोटांत मुरवली, त्याचं काय? कीबोर्डवर ज्याचं बोट विचाराआधी हलतं, त्याच्यासाठी हा फक्त नियमाचा बदल नाही. त्याची सवयच मोडून नव्याने बसवायला सांगितलंय. पॅच नोट्समध्ये सेकंदांचा हिशेब असतो, या मेहनतीचा नसतो.

आणि गंमत म्हणजे बदल वाटण्यावरही चालतो. रायटच्याच लोकांनी सांगितलेला किस्सा आहे. व्लादिमिर नावाचं पात्र कमजोर केल्याचं पॅच नोट्समध्ये छापलं, पण तो बदल चुकून गेममध्ये गेलाच नव्हता. तरी तो आता दुबळा झाला म्हणून तक्रारी सुरू! ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या चाचणीत फार वेळ खेळलं की मिळणारे गुण निम्मे व्हायचे. लोक चिडले. बनवणाऱ्यांनी मग निम्म्यालाच ‘नेहमीचे’ गुण म्हटलं, आणि विश्रांती घेऊन आलेल्याला ‘दुप्पट’. आकडे तेच, पण लोक खूश. आपल्या भाषेच्या विद्यार्थ्यांना यात आश्चर्य वाटू नये.

पैशांचं प्रकरण आलं की मात्र शब्दांची सारवासारव चालत नाही. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’मध्ये पात्रं पैसे घालून, नशिबाने मिळवावी लागतात, म्हणून तिथे विकलेलं पात्र कमजोर करायला कंपनी बिचकते. जुलै २०२४ मध्ये त्यांनी न्यूव्हिलेट या पात्राची गरगर फिरत मारा करायची युक्ती ‘दोष दुरुस्ती’ म्हणून बंद केली. एवढा गदारोळ झाला की काही दिवसांतच माफी मागून बदल मागे घ्यावा लागला, वर प्रत्येकाला १६०० प्रिमोजेम्स दिले. अशा कंपन्यांचा दुसरा मार्ग म्हणजे जुन्याला हात न लावता नवीन पात्रच जास्त ताकदीचं आणायचं. तुमच्या डब्यातले तांदूळ तेवढेच राहतात, फक्त बाजारात महागाई वाढते. मला हा मार्ग नर्फपेक्षा लबाड वाटतो, कारण तो पॅच नोट्समध्ये दिसतच नाही.

मम्मीच्या प्रश्नाचं कायदेशीर उत्तर कोरडं आहे. आपण न वाचता ‘मान्य’ दाबतो त्या करारांत साधारण असंच लिहिलेलं असतं की वस्तू तुम्हाला विकलेली नाही, वापरायची फक्त परवानगी दिली आहे. म्हणजे तांदूळ मुळातच आपले नव्हते. हे मी मम्मीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, “मग पैसे घेताना ‘खरेदी करा’ असं का लिहितात?”

भाऊ अजून तिच्याचबरोबर खेळतो. परवा चिगरीतून हुबळीला जाताना त्याच्या खांद्यावरून मी स्क्रीन बघत होते. पूर्वी सोबती अर्धमेला झाल्यावर तो जखमा भरायला घ्यायचा; आता पहिली गोळी लागताच सुरुवात करतो. नवनगर येईपर्यंत दोनदा हरला, एकदा जिंकला.