लोकशाही आणि लोकसंघटना

दिनांक २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक इशारा दिला. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर विषमतेने पिडलेले लोक लोकशाहीचा हा डोलारा उद्ध्वस्त करतील, असा त्याचा आशय होता. मतदानाचा दिवस अधूनमधून येतो. दोन निवडणुकांच्या मधल्या काळात सामान्य माणसाचा आवाज जिवंत ठेवण्याचे काम लोकसंघटना करतात.

राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटन हे याचे ठळक उदाहरण होय. १९९० मध्ये ही संघटना स्थापन झाली. सरकारी कामांवर राबणाऱ्या मजुरांना ठरलेली मजुरी पूर्ण मिळत नसे. विचारणा केली, तर काम कमी भरले असे उत्तर मिळे; कागद मात्र दाखविला जात नसे. १९९४ पासून संघटनेने गावोगावी 'जनसुनवाई' भरविली. हजेरीपट आणि बिले भर सभेत वाचली जाऊ लागली आणि कामावर कधीच न गेलेल्यांची नावे हजेरीपटावर असल्याचे उघड झाले. १९९६ मध्ये ब्यावर येथे चाळीस दिवस धरणे झाले. मागणी साधी होती : सरकारी कागदांची नक्कल मिळावी. अशा अनेक लढ्यांतून महाराष्ट्रात २००२ मध्ये आणि देशात २००५ मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. एकट्या मजुराचा प्रश्न दडपता येतो. गावाने मिळून विचारलेला प्रश्न दडपणे कठीण असते.

ही वाट आपल्याला अपरिचित नाही. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूर येथे विद्यार्थी वसतिगृह काढले आणि १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे राजकीय हक्कांचे निवेदनही मांडले. सेवा आणि हक्काची मागणी ही तिने वेगळी मानली नाहीत.

म्हणूनच निवासी शाळा चालविणाऱ्या आमच्यासारख्यांवर दुहेरी जबाबदारी येते. शासनाकडे हिशेब मागणाऱ्या संस्थेने आपलाही हिशेब उघडा ठेवला पाहिजे. भोजनगृहातील खर्चाविषयी विद्यार्थ्याने निर्भयपणे प्रश्न विचारावा आणि त्याला उत्तर मिळावे. लोकशाहीचा पहिला पाठ तेथेच गिरवला जातो. आज शाळेत प्रश्न विचारण्याची सवय लागलेले मूलच उद्या ग्रामसभेत उभे राहील, असा आम्हांस विश्वास वाटतो.